समुद्र आहे, खोली नाही

देवनारला समुद्र आहे का, असं कुणी विचारलं की आम्ही इथले जुने रहिवासी जरा अडखळतो. नकाशावर आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, तिवरं आहेत, हिवाळ्यात फ्लेमिंगोही येतात. पण खाडीला लागून असलेल्या तीनशेहून अधिक एकर जमिनीवर मुंबईने 1927 पासून आपला कचरा आणून टाकला, 1971 मध्ये वांद्र्याचा कत्तलखानाही उचलून आमच्याच पदरात घातला. त्यामुळे समुद्रावर जायचं म्हणजे बसने गोवंडी स्टेशन गाठायचं आणि हार्बर लाइनने व्हीटीकडे तोंड करायचं, ही इथल्या माणसाची सवय. मी त्या दिशेला जरा जास्तच गेलो. 1986 च्या सुमारास, विशीत, शनिवारी संध्याकाळी ‘मित्राकडे अभ्यासाला’ निघालेला मुलगा खरं म्हणजे अपोलो बंदरच्या कठड्यावर बसलेला असे.

गेल्या डिसेंबरात बोस्टनहून भाची आली. उन्हाळ्यात ती आणि तिची बायको प्रॉव्हिन्सटाउनला राहून आल्या होत्या. (‘तिची बायको’ हे मला आता न चाचरता म्हणता येतं. ताईला अजून जमत नाही. ती ‘सोबत असते ती’ म्हणते आणि लगेच चहाचं विचारते.) भाचीने फोनवर फोटो दाखवले: अरुंद रस्ता, लाकडी घरं, खिडक्याखिडक्यांतून इंद्रधनुषी झेंडे, किनाऱ्यावर पुरुषांचे घोळके, एका ओट्यावर एकमेकींना टेकून बसलेल्या दोन म्हाताऱ्या.

“मामा, आपल्याकडे असं एकही गाव का नाही रे?”

“गाव नाही,” मी म्हटलं. “किनारा आहे. शनिवारी लवकर ऊठ, दाखवतो.”

त्या गावाबद्दल मी पूर्वी बरंच वाचलं होतं, म्हणून तिच्या फोटोंमागचं थोडं मला दिसत होतं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉडच्या अगदी टोकाला ते आहे. 1620 च्या नोव्हेंबरात ‘मेफ्लॉवर’ जहाजाने पहिला नांगर टाकला तो इथे. त्याची आठवण म्हणून 252 फुटी दगडी मनोरा आहे, त्याचा कोनशिला समारंभ 1907 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते झाला. पण गाव मोठं झालं ते देवभक्तांमुळे नव्हे, देवमाशांमुळे. शिकारीच्या जहाजांवर अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज आले, ते तिथेच मासेमारी करत राहिले. 1899 मध्ये चार्ल्स हॉथॉर्नने चित्रकलेची शाळा काढली. 1916 मध्ये मासळीच्या धक्क्यावरच्या एका शेडमध्ये यूजीन ओनीलचं पहिलं नाटक झालं. चित्रकार आले, नट आले, त्यांच्यामागून आणि त्यांच्यातूनच समलिंगी माणसं आली. आणि या सगळ्यांना राहायला खोल्या दिल्या त्या पोर्तुगीज कोळ्यांच्या बायकांनी. नवरे समुद्रावर, मासळीचा धंदा उतरणीला, घरात वरच्या मजल्यावर रिकामी खोली. भाडं वेळेवर येतं ना, मग कोण कुणासोबत झोपतं याच्याशी घरमालकिणीला काय करायचंय! 1952 मध्ये गावच्या कारभाऱ्यांनी ‘सभ्य’ नागरिकांना जाहीर आवाहन करून या मंडळींना हुसकावून लावायचा प्रयत्न केला होता. पण आवाहनं निघतात आणि विरतात, भाडं दर उन्हाळ्यात येतं. कॅरन क्राहुलिक यांनी या गावाचा जो इतिहास लिहिलाय तो याच घरमालकिणींमुळे माझ्या लक्षात राहिला.

म्हणजे मूळ प्रश्न खोलीचा. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागू नये.

शनिवारी आम्ही टाटा इन्स्टिट्यूटच्या फाटकावरूनच बस पकडली. ही समाजकार्याची संस्था 1936 मध्ये निघाली आणि 1954 मध्ये देवनारला आली. माझ्या लहानपणी आमच्या लेखी ती झाडांनी भरलेली एक मोठी जागा होती, आत चष्मा लावलेले लोक. 2018 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली आणि वसतिगृहात काही खोल्या अशा मिळवल्या, जिथे मुलगा की मुलगी हे आधी ठरवून यावं लागत नाही. देशात तेव्हा हे कुणी केलं नव्हतं. ज्या देवनारमधून मी पळून पळून समुद्रावर जात होतो, त्याच देवनारमध्ये, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पुढच्या पिढीला हक्काचं दार मिळालं. मला त्या मुलांचा हेवा वाटतो हे मी भाचीला मोकळेपणाने सांगितलं.

व्हीटीला उतरून आम्ही गेटवेला गेलो. पर्यटक, कबुतरं, झटपट फोटो काढून देणारे, एलिफंटाच्या लाँचची तिकिटं ओरडून विकणारे. ताजमहाल हॉटेलासमोरून रेडिओ क्लबकडे जाणारा दगडी कठडा तसाच आहे. ऐंशीच्या दशकात रात्री नऊनंतर त्या कठड्यावर जी माणसं बसत, त्यांच्यात एक न लिहिलेली शिस्त होती. पहिला प्रश्न वेळेचा. मनगटावर घड्याळ असतानाही माणूस “किती वाजले?” विचारतोय म्हणजे पुढे बोलायचंय. दुसरा प्रश्न माचिसचा. नाव विचारलं तर पहिलंच नाव सांगायचं, आडनाव नाही. राहायला कुठे, तर सगळे दादरला. मी देवनार असं खरं सांगितलं की लोक मला नवखा समजत. तिथे एक निवृत्त कारकून येत, सगळे त्यांना ‘आई’ म्हणत. कोण नवा आला, कोण कुणामुळे रडतोय, वर्दीवाला कोणत्या बाजूने येतोय, सगळी खबर त्यांच्याकडे. वर्दीवाला आला की खिशातले पैसे, ते नसतील तर घड्याळ. कोर्टात काही जात नसे. ‘377’ हा आकडा नुसता उच्चारला की पुरे. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेलं ते कलम, आमच्या काळात त्याचं मुख्य काम वसुलीचं होतं.

“आणि मग? भेटलात, बोललात. पुढे?” भाचीने विचारलं.

पुढे काहीच नाही, हेच तर पुढे सांगायचं होतं. पुढे शेवटची लोकल. मी घरी आई-वडील, ताई आणि काका यांच्यासोबत दोन खोल्यांत, कठड्यावर भेटलेला तो गिरगावच्या चाळीत, आठ माणसांत. दोन पुरुषांना लॉजवर खोली मिळायला तेव्हा फार अडचण नव्हती, अविवाहित स्त्री-पुरुषांपेक्षा सोपंच होतं. पण पैसे कुणाकडे होते? कारकुनाच्या पगारात महिन्यातून एकदा लॉज म्हणजे चैन. म्हणून आमचं प्रेम बहुतेक बोलण्यातच झालं. अपोलो बंदरावर दोन माणसं चार तास नुसती बोलत बसलेली मी पाहिली आहेत. त्यांतला एक मी असे.

त्याच 1986 मध्ये पत्रकार अशोक राव कवी यांची मुलाखत ‘सॅव्ही’ या इंग्रजी मासिकात आली आणि त्यांनी स्वतःच्या नावानिशी, आडनावानिशी, आपण समलिंगी आहोत असं सांगितलं. कठड्यावर त्या अंकाची एक प्रत हातोहात फिरली, शेवटी तिची पानं सुटी झाली. आडनाव सांगितलं याचंच आम्हाला अप्रूप. 1990 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी ‘बॉम्बे दोस्त’ काढलं, 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट निघाला. गंमत बघा, हमसफरला वाकोल्यात जी जागा मिळाली ती महापालिकेच्या इमारतीत. मंडईच्या वर, खाली भाजी आणि वर आम्ही. तिथे आत जाऊन पंख्याखाली खुर्चीवर बसता येई. समुद्राचा वारा नव्हता, पण कुणी उठवतही नव्हतं. एचआयव्हीचा काळ होता, त्यामुळे समोर बसलेल्या मुलाची पुढच्या महिन्यात खुर्ची रिकामी असण्याची भीती होती, पण ती भीती एका खोलीत बसून वाटून घेता आली हे काही थोडं नव्हे. प्रॉव्हिन्सटाउनमध्येही तेच झालं. 1983 मध्ये गावकऱ्यांनी एड्सच्या रुग्णांसाठी मदतगट काढला, मोठ्या शहरांतून घरच्यांनी टाकलेली पोरं तिथे येऊन राहिली, शेजाऱ्यांनी त्यांना जेवण पोचवलं, उशाशी बसले. 2018 मध्ये टाउन हॉलशेजारी त्यांचं स्मारक झालं. भाचीने फोटो दाखवला: एकच मोठा दगड, वरचा पृष्ठभाग लाटांनी हललेल्या पाण्यासारखा कोरलेला. आपल्याकडे असं स्मारक नाही. असावं असं मला वाटतं, आणि ते चौपाटीवर असावं.

कुलाब्यात आर्थर बंदर रोडवर व्हूडू नावाचा पब होता. तिथली शनिवारची रात्र बरीच वर्षं आमची होती. अंधारा, कोंदट, पंखे नावापुरते. समुद्र तिथून दोन मिनिटांवर. आत जायला पैसे पडत आणि आतलं बोलणं बहुतांशी इंग्रजीत चाले. कठड्यावरची निम्मी माणसं आत कधी गेलीच नाहीत. मी गेलो, नाचलो, पण ‘आई’ बाहेर उभे राहिल्याचं मला खुपत असे. या शहरातल्या समलिंगी जगाबद्दल लिहिणारे बहुतेक आतून लिहितात, ही माझी जुनी तक्रार आहे.

गेटवेहून बसने गिरगाव चौपाटीला आलो. दुपार होती. भेळवाल्यांच्या गाळ्यांत गर्दी नव्हती, टिळकांच्या पुतळ्याच्या सावलीत तीन कुत्रे झोपलेले. भाचीने सांगितलं, प्रॉव्हिन्सटाउनमध्ये तिला सगळ्यात मोठी गोष्ट कोणती वाटली तर कमर्शियल स्ट्रीटवर बायकोचा हात धरून चालता येणं. मी तिला समोर बघ म्हटलं. विशीतले दोन मजूर करंगळीत करंगळी अडकवून पाण्याकडे चालले होते. पलीकडे एक मुलगा दुसऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून पसरलेला. ते कोण होते मला माहीत नाही, बहुधा नुसते मित्रच. आपल्याकडे पुरुषाने पुरुषाच्या गळ्यात हात टाकला तर कुणी वळून बघत नाही. हात धरायला आम्हाला वेगळं गाव लागलं नाही. दार लावायला लागलं असतं.

“आणि बायका?” ती म्हणाली. “तुझ्या या सगळ्या गोष्टीत एकही बाई नाही.”

नाहीच. कठड्यावर रात्री दहाला एकटी बाई बसली तर तिच्याकडे वेळ कोण विचारायला येईल, आणि वर्दीवाला काय समजेल, हे सांगायला नको. देवनारच्याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या शिल्पा फडके यांनी समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्यासोबत 2011 मध्ये एक पुस्तक लिहिलं, ‘व्हाय लॉयटर?’. मुंबईत बाईला कामाशिवाय, उगाच, रस्त्यावर रेंगाळता का येत नाही, हा त्याचा विषय. आमचं सगळं जग रेंगाळण्यावर उभं होतं, म्हणून ते पुरुषांचं राहिलं. बायकांनी 1995 मध्ये स्त्री संगम नावाचा गट काढला, पुढे त्याचं नाव लेबिया झालं. त्या एकमेकींच्या घरी भेटत. म्हणजे त्यांचं आमच्या उलट: खोली कशीबशी मिळवली, समुद्र मात्र वाट्याला आला नाही. प्रॉव्हिन्सटाउनमध्ये बायकांनी आपली अतिथिगृहं काढली आणि 1984 मध्ये त्या मालकिणींनी ऑक्टोबरातला एक आठवडा बायकांसाठी सुरू केला, तो अजून चालतो. भाची तिथेच राहिली होती.

याच वाळूवर 16 ऑगस्ट 2008 रोजी मुंबईचा पहिला क्वीअर आझादी मोर्चा पोचला. ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला, ढोल होता, काहींच्या चेहऱ्यावर मुखवटे होते. मी त्यात होतो आणि नव्हतोही: मोर्चा रस्त्यावरून चालला, मी फुटपाथवरून त्याच्या बरोबरीने. नाना चौकात ‘आई’ दिसले, केस पूर्ण पिकलेले, मधोमध, हातात फलक. त्यांनी मला बघितलं, मान हलवली आणि चालत राहिले. त्यानंतर कायद्याचं जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे: 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 377 पासून स्वातंत्र्य दिलं, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतलं, 6 सप्टेंबर 2018 ला परत दिलं, आणि 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाचं मात्र नाही म्हटलं. भाचीचं लग्न मॅसॅच्युसेट्समध्ये पक्कं आहे, त्या राज्याने 17 मे 2004 पासूनच अशी लग्नं लावायला सुरुवात केली. सहार विमानतळावर उतरलं की ते लग्न कागदावरून उडून जातं.

चर्नी रोडहून अंधेरीची गाडी पकडली. विलेपार्ले गेलं तेव्हा मी तिला जुहूबद्दल सांगत होतो. आज जुहू म्हणजे पावभाजी आणि तारेतारकांचे बंगले, पण शंभर वर्षांपूर्वी ते मुंबईकरांचं हवापालटाचं ठिकाण होतं. 1924 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीसाठी जुहूलाच राहिले होते. समुद्राकाठी आरामाला जागा हव्यात हे या शहराला कळत होतं, फक्त त्या कुणाला द्यायच्या हे ठरलेलं होतं. ज्यांना परवडलं ते पुढे गोव्याला गेले. वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिथे कोलवाळला घर केलं आणि 2002 मध्ये आपल्या फ्रेंच जोडीदाराशी फ्रान्सच्या कायद्याखाली करार नोंदवला, गावात मेजवानी दिली. फॅशन डिझायनर म्हणून नाव होतं, पुढे पद्मश्रीही मिळाली. गोवा अशा माणसांना सामावून घेतो. आमच्यासारख्यांना कदंबाच्या बसने जाऊन दोन रात्रींत परत यावं लागे.

अंधेरीहून मेट्रो, पुढे रिक्षा, आणि वर्सोवा. वेसावे म्हणा, कोळी तसंच म्हणतात. इथे आल्यावर भाची पहिल्यांदा गप्प झाली, मग म्हणाली, “अरे, हे तर तेच आहे.” होड्या, वाळत घातलेला बोंबील, मासळीचा धक्का, बाजारात बसलेल्या दणदणीत आवाजाच्या बायका, आणि पाठीमागे थोड्या अंतरावर नाटकवाले. आराम नगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींची वस्ती, नंतर निर्वासितांची, आता बैठी घरं आणि त्यांत ऑडिशनचे स्टुडिओ, तीस-चाळीस खुर्च्यांची नाट्यगृहं. त्यांतल्या एकात मी साडी नेसलेल्या एका मुलाची लावणी पाहिली आहे. विनोदासाठी नव्हती, अदाकारीने केलेली होती. गणपत पाटलांनी आयुष्यभर नाच्या रंगवला आणि लोक आयुष्यभर त्यांना हसले, त्याच महाराष्ट्रात तो मुलगा नाचत होता आणि समोरचे लोक शांत बसून बघत होते. कशिश हा समलिंगी चित्रपटांचा महोत्सव 2010 मध्ये श्रीधर रंगायन यांनी सुरू केला, तोही आधी याच जुहू-वर्सोव्याच्या मल्टिप्लेक्समध्ये होत असे, पुढे लिबर्टीला गेला.

वर्सोव्यात, यारी रोडला, सातबंगल्याला सिनेमात नशीब काढायला आलेली पोरं तीन-चार जण मिळून एक घर घेतात. त्यांच्यात आमची बरीच. म्हणजे प्रॉव्हिन्सटाउनची सगळी सामग्री जमलेली आहे: कोळी, नट, भाडेकरू, समुद्र. पोर्तुगीजही होऊन गेले. गाव मात्र तसं होत नाही, कारण इथे खोली रिकामी राहतच नाही. प्रॉव्हिन्सटाउनमध्ये घरमालकिणीला भाडेकरू हवा होता, इथे शंभर भाडेकरू एका खोलीमागे. अकरा महिन्यांचा करार, सोसायटीची एनओसी, ‘बॅचलर चालणार नाहीत’. पण भाचीने एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मला बरं वाटावं की वाईट, कळलं नाही. तिकडेही आता घरांच्या किमती एवढ्या चढल्यात की हॉटेलात काम करणारी पोरं, मच्छीमारांची मुलं, जुने चित्रकार, कुणालाच गावात राहणं परवडत नाही. बारमाही वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, उन्हाळ्यात मात्र गर्दी त्याच्या कितीतरी पट. निम्मी घरं हिवाळ्यात कुलूपबंद. ज्यांनी खोली दिली त्यांच्या नातवंडांना खोली नाही.

वेसाव्याच्या धक्क्यावरून मढला फेरी सुटते. खाडीचं तोंड ओलांडायला काही मिनिटं पुरतात. मोटरसायकली, मासळीच्या टोपल्या, कॉलेजची पोरं, एक नवरी आणि तिचा फोटोग्राफर, सगळे एकाच लाकडी होडीत. मी भाचीला न्यू यॉर्कजवळच्या फायर आयलंडची गोष्ट सांगितली. तिथल्या वस्त्यांत गाड्या नाहीत, फेरीनेच जावं लागतं. 1938 च्या वादळात चेरी ग्रोव्ह नावाची वस्ती पार मोडली, जागा स्वस्त झाल्या, आणि शहरातले नाटकवाले, समलिंगी स्त्री-पुरुष तिथे शिरले. म्हणजे पुन्हा तेच, स्वस्त खोली. शेजारच्या पाइन्स वस्तीतल्या एका बारने चेरी ग्रोव्हच्या साडीवाल्याला, म्हणजे तिकडच्या गाऊनवाल्याला, दारू द्यायला नकार दिला. तेव्हा 4 जुलै 1976 ला सगळे बायकी वेश करून बोटीत बसले आणि पाइन्सच्या धक्क्यावर जाऊन उतरले. आता तो दर वर्षीचा उत्सव आहे. फेरीतल्या नवरीने मेकअप सारखा केला आणि मोबाइलमध्ये स्वतःला बघितलं. मढच्या किल्ल्यापाशी लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. किल्ला पोर्तुगिजांचा, 1739 मध्ये मराठ्यांनी घेतला, आता हवाई दलाकडे आहे आणि आत जाता येत नाही.

मढ, एरंगळ, आक्सा, मार्वे. मुंबईला विश्रांतीचा किनारा म्हणून काही उरलं असेल तर ते हे. ढीगभर बंगले, मालिकांच्या चित्रीकरणाला आणि शनिवार-रविवारी पार्ट्यांना भाड्याने जातात. नव्वदच्या दशकापासून आमच्यापैकी ज्यांच्याकडे गाडी होती ते इकडे येत. बंगला घ्यायचा, रात्रभर गाणी, सकाळी आक्सावर पाय बुडवायचे. आत खोल जायचं नाही, आक्साची वाळू पायाखालून सरकते आणि दर पावसाळ्यात माणसं बुडतात. पैसे वाटून घेत. ‘आई’ एकदा आले होते, स्वयंपाक त्यांनीच केला. कोळंबीचं खारं आणि भात. त्या रात्री त्यांना दार असलेली खोली मिळाली आणि ते दार उघडं टाकून झोपले.

खोलीचा प्रश्न आमच्यापुरता नव्हता, हे या किनाऱ्याने 2015 मध्ये दाखवून दिलं. ऑगस्टमध्ये पोलिसांनी मढ-आक्साच्या हॉटेलांवर छापे घालून चाळीसच्या आसपास स्त्री-पुरुष जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढलं, ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन’ म्हणून दंड केला. बंद दारामागची खोली सार्वजनिक कशी, असा प्रश्न वर्तमानपत्रांनी विचारला. आम्ही तो कितीतरी वर्षं आधीपासून विचारत होतो, ऐकायला कुणी नव्हतं. शेजारपाजारची सगळी सरळ माणसं त्या आठवड्यात आमच्यासारखी चिडली होती, याचा मला मनातून थोडा आनंद झाला.

संध्याकाळी एरंगळच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशेजारी एक दलाल भेटला. गळ्यात सोन्याची साखळी, हातात बंगल्यांचे फोटो असलेला टॅब. भाचीला जायच्या आधी मित्रमंडळी जमवायची होती, तिनेच विचारलं. पंधरा-वीस माणसं, एक रात्र.

“फॅमिली की बॅचलर?” त्याने माझ्याकडे बघून विचारलं.

मी काहीतरी जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “दोन्ही नाही. आमच्यातले बरेच गे आहेत.”

त्याने भुवई उंचावली नाही. टॅबवर दोन फोटो पुढे सरकवले. “मग हा नको. तो मागचा घ्या, समुद्राला लागून. भिंत उंच आहे. पाच हजार जास्त पडतील.”

“भिंतीचे वेगळे पैसे?” भाची म्हणाली.

“भिंतीचे नाही ताई. शेजाऱ्यांचे. त्यांना आधी सांगून ठेवावं लागतं.”

मी हिशेब करत होतो, पाच हजारांना किती माणसांनी भागायचं. ती मात्र चेंबूरच्या मासळी बाजारात वाढलेली. तिने सरळ बसकण मारली, दुसरा चहा सांगितला आणि शेजाऱ्यांचं कोण, किती, कशासाठी घेतं, हे त्याच्याकडून एकेक करून काढायला सुरुवात केली. अर्ध्या तासात तो तीन हजारांवर आला होता. ती दोनवर अडून बसली होती. शेवटची फेरी सुटायला वेळ होता.